रिकामी खुर्ची आणि आपला रोस्टर : सोलापूर महापालिकेच्या बांधकाम विभागात माणसे कशी भरली जातात?

पावसाळा आला की आपल्या वस्त्यांमध्ये त्याच तक्रारी सुरू होतात. चेंबर तुंबले, ड्रेनेजचे पाणी घरात आले, मागच्या वर्षी बसवलेले पेव्हर ब्लॉक खचले. मग निवेदन तयार होते. त्यात आपण ठेकेदाराचे नाव घेतो, नगरसेवकाचे घेतो, आयुक्तांचे घेतो. पण ज्या माणसाने त्या गल्लीचे अंदाजपत्रक करायचे, काम चालू असताना जागेवर उभे राहून खडीचा थर मोजायचा आणि बिल काढण्याआधी नोंदवहीत सही करायची, तो माणूस महापालिकेत आहे का, हा प्रश्न आपल्या निवेदनात सहसा नसतो.

आम्ही या लेखात तोच प्रश्न घेतला आहे. महापालिकेच्या बांधकाम विभागात पदे कोण ठरवतो, ती भरली का जात नाहीत, आणि ती रिकामी राहिल्याने सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचे होते? विषय कोरडा वाटेल. पण आरक्षणाची लढाई आज जिथे गुपचूप हरली जाते त्या जागांपैकी ही एक आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आधी एक गोंधळ दूर करू. 'सार्वजनिक बांधकाम विभाग' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर राज्य सरकारचे खाते येते. त्या खात्याकडे राज्य मार्ग, शासकीय इमारती अशी कामे असतात आणि त्याची भरती राज्यपातळीवर होते. शहरातले अंतर्गत रस्ते, गटारी, समाजमंदिरे, महापालिकेच्या शाळा, दवाखाने, स्मशानभूमी हे सगळे महापालिकेच्या स्वतःच्या अभियंत्यांकडे असते. वर नगर अभियंता, पाणी आणि ड्रेनेजसाठी सार्वजनिक आरोग्य अभियंता, आणि खाली प्रत्येक झोन कार्यालयात काम पाहणारे कनिष्ठ अभियंते. झोपडपट्टीतली कामे गलिच्छ वस्ती सुधारणा विभागाकडे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'गवसु' म्हणतात त्याच्याकडे जातात. यापुढे आम्ही बांधकाम विभाग म्हणू तेव्हा महापालिकेचा हा सगळा अभियांत्रिकी पसारा धरावा.

शहर वाढले, खाते किती वाढले?

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. महापालिका झाली १ मे १९६४ रोजी. तेव्हाचे शहर म्हणजे पेठा, गिरण्या आणि त्यांच्या भोवतीच्या वसाहती. क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटर. मे १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आसपासची गावे शहरात आली. एका फटक्यात शहर १७८.५७ चौरस किलोमीटरचे झाले, म्हणजे पाचपटीहून मोठे. लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ६,०४,२१५ होती, २००१ मध्ये ८,७२,४७८ आणि २०११ मध्ये ९,५१,५५८. त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, पण विजापूर रोड, जुळे सोलापूर किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला फिरून आले की वाढ डोळ्यांनी दिसते.

हद्दवाढ झाली तेव्हा गावांबरोबर ग्रामपंचायतीची जबाबदारीही महापालिकेकडे आली. तिथे ना ड्रेनेज होते, ना आखलेले रस्ते. काळी माती, त्यात गुंठेवारीने पडलेले प्लॉट, आणि पावसाळ्यात घरापर्यंत रिक्षा न जाणारी गल्ली. 'हद्दवाढ भाग' हा शब्द सोलापुरात तीस वर्षांनंतरही तक्रारीचाच शब्द आहे, यावरून बाकीचे ओळखावे. शहर पाचपट झाले म्हणून अभियंतेही पाचपट हवेत असा सरळ हिशेब नसतो. पण लांबलेल्या प्रत्येक रस्त्याला आणि प्रत्येक पाइपलाइनला बघणारा एक माणूस लागतो, आणि त्या माणसासाठी आधी मंजूर पद लागते.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, सल्लागार आले, मोठ्या रकमेच्या निविदा निघाल्या. कंपनीने केलेले काम शेवटी सांभाळायला येते ते महापालिकेकडे. नवीन रस्ता, नवीन दिवे, नवीन पाइपलाइन यांचे उद्घाटन एकदाच होते. देखभाल मात्र रोज करावी लागते, आणि ती करणारा पुन्हा तोच झोनमधला कनिष्ठ अभियंता.

एका गल्लीच्या रस्त्यामागे एक माणूस

हा 'जेई साहेब' नेमके काय करतो ते नीट समजून घेऊ. आपल्या कार्यकर्त्यांना ही साखळी पाठ असली पाहिजे.

समजा वस्तीत काँक्रीटचा रस्ता आणि गटार करायचे आहे. कनिष्ठ अभियंता जागेवर येतो, लांबी-रुंदी मोजतो, जमिनीचा उतार पाहतो. मग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीनुसार प्रत्येक बाबीचा दर लावून अंदाजपत्रक करतो. त्यावर वरच्या अभियंत्यांची तांत्रिक मान्यता होते, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश. काम सुरू झाले की पुन्हा तोच माणूस. खोदाई किती खोल झाली, मुरूम दाबला का, काँक्रीट टाकताना नमुन्याचे ठोकळे भरले का, आणि ते अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत तपासले का. मग मोजमाप पुस्तिका, म्हणजे 'एमबी'. त्यात त्याने लिहिले तेवढेच काम झाले असे धरले जाते आणि तेवढेच बिल निघते. काम संपल्यावर दोषदायित्वाचा काळ असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण ठेकेदाराला नोटीस काढणार कोण? पुन्हा तोच.

एका अभियंत्याकडे दोन-तीन प्रभाग आले, त्यात पाणी आणि अतिक्रमणाचे काम, वर निवडणूक आणि पंचनाम्याची ड्युटी, म्हणजे काय होते ते सांगायला नको. ड्रेनेजचा पाइप टाकताना उतार थोडा जरी चुकला तरी चेंबर आयुष्यभर तुंबत राहते. तो उतार यंत्र लावून तपासायचा असतो, आणि तपासायचा तो खड्डा उघडा असतानाच. माती लोटली की विषय संपला. साठ मिलिमीटरचा ब्लॉक पायवाटेला ठीक, पण टेम्पो जाणाऱ्या गल्लीत तो बसवला तर दोन पावसाळ्यांत रस्ता खचणारच. हे फरक आपल्या तरुणांना दिसत नाहीत, कारण कोणी दाखवलेच नाहीत. मोठ्या रस्त्यावर पत्रकार जातात, अधिकारी जातात, नेते जातात. गल्लीतल्या कामावर कोणाचे लक्ष नसते, म्हणून अभियंत्याची गैरहजेरी तिथेच सगळ्यांत महाग पडते.

आणखी एक गोष्ट. अनुसूचित जातींच्या शहरी वस्त्यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना आहे. अनुसूचित जाती उपयोजनेतून तिला निधी मिळतो. हा पैसा आपल्या हक्काचा आहे, हे आपण भाषणात सांगतो. पण प्रस्ताव अंदाजपत्रकासह वेळेत गेला तरच पैसा मिळतो, आणि काम मुदतीत मोजून पूर्ण दाखवले तरच तो खर्च होतो. अंदाजपत्रक करायला माणूस नसेल तर ज्याच्या मागे रेटा आहे त्याची फाइल आधी तयार होते. वस्तीची फाइल मार्च उजाडेपर्यंत 'प्रक्रियेत' राहते. निधी परत गेल्याची बातमी वाचून आपण संतापतो. तो का परत गेला, याचे उत्तर बऱ्याचदा एका रिकाम्या खुर्चीत असते.

पदे रिकामी का राहतात

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. रस्ते, गटारी, सार्वजनिक इमारती त्यात येतात. म्हणजे ही कामे मेहेरबानी म्हणून होत नाहीत, ती कायद्याने करावीच लागतात. पण कर्तव्य कायद्याने बंधनकारक असले तरी ते करायला लागणारे पद आपोआप निर्माण होत नाही. कलम ५१ नुसार नवीन पद निर्माण करायचे तर राज्य शासनाची मान्यता लागते. कोणत्या संवर्गात किती पदे, याच्या मंजूर तक्त्याला आकृतिबंध म्हणतात. त्या पदावर कोण बसू शकतो, शिक्षण काय, किती पदे सरळसेवेने आणि किती पदोन्नतीने, हे सेवा प्रवेश नियमांत ठरते. आकृतिबंध आणि सेवा प्रवेश नियम या दोन कागदांशिवाय भरती होत नाही, आणि हे दोन्ही कागद मंत्रालयात जाऊन परत यायला किती काळ लागेल याचा नेम नसतो.

त्याहून मोठा अडसर आहे तो ३५ टक्क्यांचा. महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा अशी शासनाची अट आहे. खर्च त्याच्या वर असेल तर नवीन पदे आणि भरती अडते. वरवर पाहता अट शहाणपणाची वाटते. सगळा पैसा पगारातच गेला तर विकास कशाने करायचा? पण हे गणित एका बाजूने पाहून चालत नाही. टक्केवारी दोन कारणांनी वाढते, माणसे वाढली तर किंवा उत्पन्न घटले तर. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या. पुढे जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिकेच्या हातातले स्वतःचे मोठे उत्पन्न गेले आणि शासनाच्या अनुदानावर नजर लावून बसणे आले. एकही नवीन माणूस न घेता टक्केवारी वर जाऊ शकते ती अशी. श्रीमंत शहराला ही अट पाळणे सोपे जाते, आणि ज्या शहरात कामगार-कष्टकरी जास्त, कर कमी, त्या शहराला अभियंता मिळत नाही. आमच्या मते ही अट सरसकट सगळ्या संवर्गांना लावणे चुकीचे आहे. जो कर्मचारी निधी वेळेत खर्च करतो, ठेकेदाराचे खोटे मोजमाप अडवतो, त्याचा पगार हा निव्वळ खर्च धरता येत नाही.

काम तर थांबत नाही. मग महापालिका काय करते? निवृत्त अभियंत्याला मानधनावर घेते. एखाद्याकडे दुसऱ्या पदाचा प्रभारी कार्यभार देते. राज्य सेवेतून कोणाला प्रतिनियुक्तीवर आणते. अंदाजपत्रक आणि देखरेखीसाठी खासगी सल्लागार नेमते. मजूर, चालक, ऑपरेटर एजन्सीकडून घेते. यातली मेख अशी की एजन्सीचे किंवा सल्लागाराचे बिल पगाराच्या शीर्षाखाली न पडता कामाच्या किंवा सेवेच्या खर्चात जाते. कागदावर आस्थापना खर्च आटोक्यात दिसतो. पैसा जातोच, फक्त वेगळ्या खिशातून.

एजन्सीला रोस्टर नसतो

आता आपल्या मुद्द्यावर येऊ.

महाराष्ट्रात आरक्षणाचा कायदा २००१ चा आहे, तो २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला. तो महापालिकांनाही लागू आहे. सरळसेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, इतर मागासवर्गाला १९ टक्के, आणि विमुक्त, भटक्या व विशेष मागास प्रवर्गांना त्यांचे वाटे. हे आरक्षण अमलात येते ते बिंदुनामावलीतून, म्हणजे रोस्टरमधून. प्रत्येक संवर्गाची वेगळी नोंदवही, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, त्यावर कोण बसले आहे, कोणता रिकामा आहे. ही नोंदवही विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या संवर्गात ६० मंजूर पदे आहेत. १३ टक्क्यांनी अनुसूचित जातींच्या वाट्याला ७.८, म्हणजे आठ पदे. प्रत्यक्षात ३५ पदे भरलेली, २५ रिकामी. भरलेल्यांत आपले चार-पाच जण. उरलेली तीन-चार पदे त्या रिकाम्या २५ मध्ये अडकलेली, म्हणजे अनुशेष. आता ही २५ माणसांची कामे एजन्सीकडे दिली. एजन्सी कोणाला घेते? तिच्या मालकाच्या, पर्यवेक्षकाच्या, एखाद्या पुढाऱ्याच्या ओळखीतल्या माणसाला. तिथे बिंदू नाही, नोंदवही नाही, मागासवर्ग कक्ष नाही. आरक्षण कोणी रद्द केले नाही. कायदा पुस्तकात जसाच्या तसा आहे. फक्त तो ज्या पदाला लावायचा ते पद भरलेच गेले नाही.

म्हणूनच 'आम्हाला आरक्षण आहे, आमचे काय बिघडते' असे म्हणणाऱ्या तरुणांना आम्ही सांगतो की आरक्षण हे भरल्या जाणाऱ्या पदांनाच असते. ८१ व्या घटनादुरुस्तीने २००० साली अनुशेषाची पदे पन्नास टक्क्यांच्या मर्यादेबाहेर भरण्याची मुभा दिली. ती मुभाही जाहिरात निघाली तरच उपयोगाची. नवीन आकृतिबंध करताना बराच काळ रिकामी राहिलेली पदे व्यपगत केली गेली, तर पदाबरोबर त्याचा अनुशेषही जातो. त्यामुळे आकृतिबंध बदलण्याची बातमी छोटी वाटली तरी ती कापून ठेवावी.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत शासकीय व निमशासकीय कार्यालयांत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. त्यात कुशल पदेही होती. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. हे यश होते, यात शंका नाही. पण तो एक शासन निर्णय होता, दिसत होता, म्हणून त्याच्याविरुद्ध उभे राहता आले. महापालिकेच्या पातळीवर तेच काम छोट्या छोट्या निविदांमधून होते आणि त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण कोणाला कळतच नाही. कंत्राटावर पाच-दहा वर्षे राबलेल्या मुलाला पुढे 'कायम करा' म्हणण्याचा आधारही कच्चा. उमादेवी खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नेमणुकीतून कायम होण्याचा आपोआप हक्क मिळत नाही असे ठरवले, आणि प्रत्येक कार्यालय त्याच निकालाकडे बोट दाखवते.

वरच्या पदांची गोष्ट आणखी अवघड आहे. नगर अभियंता हे पद एकच असते. एकाकी पदाला आरक्षण लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये सांगितले. म्हणजे त्या खुर्चीपर्यंत जाण्याचा आपला मार्ग पदोन्नतीचाच. आणि पदोन्नतीतले आरक्षण? मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०२१ रोजी शासनाने सगळ्या पदोन्नत्या २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे करण्याचा निर्णय काढला. या सगळ्यात आरक्षणातून लागलेला कनिष्ठ अभियंता उपअभियंता, कार्यकारी अभियंता होईपर्यंत निवृत्तीला येतो. खाली १३ टक्क्यांचा दरवाजा, वर कुलूप.

झाडू, फावडे आणि आपण

या खात्यात आपली माणसे नाहीत असे नाही. गटारीत उतरणारी, रस्त्यावर डांबर ओतणारी, कचरा उचलणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची लाड-पागे समितीची तरतूद महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ती एकत्रित करण्यात आली. त्या तरतुदीने हजारो घरे उभी राहिली, हे मान्यच. आम्ही तिच्या विरोधात नाही. पण वारसाने झाडू मिळतो आणि खुल्या भरतीने मिळणारी अभियंत्याची खुर्ची रिकामी राहते, हे चित्र कोणाच्या सोयीचे आहे याचा विचार करायला हवा. बापाच्या जागी लागलेला मुलगा पदवीधर असला तरी हाती झाडूच येतो, अशी किती उदाहरणे आपल्या ओळखीत आहेत ते मोजून पाहावे.

बाबासाहेबांनी ही दोन्ही टोके पाहिली होती. १९३५ च्या सुमारास त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो महापालिकेच्या कामगारांसाठीच. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्या काळी केंद्र सरकारचा सार्वजनिक बांधकाम विभाग त्याच मजूर खात्याच्या अखत्यारीत होता. ही गोष्ट आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात सरकारी नोकऱ्यांतला वाटा, विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि सरकारी ठेक्यांतला वाटा हे तिन्ही विषय होते. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत ८.३३ टक्के आरक्षण आले, १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. नोकरी, तंत्रशिक्षण, ठेका. आज बांधकाम विभागाकडे पाहताना हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत.

सोलापूरशी तर हे नाते आणखी जुने आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी वसतिगृह सुरू केले ते सोलापुरात. बुधवार पेठेतल्या प्रेरणाभूमीवर आपण दरवर्षी जातो. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात मुलांच्या शिक्षणासाठी सभेने वसतिगृह काढले, त्या शहरात आज शासकीय तंत्रनिकेतन आहे, वालचंदसारखे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आपली मुले स्थापत्यची पदविका घेऊन बाहेर पडत आहेत. मग ती जातात कुठे? बरीच जण पुण्याला एखाद्या बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर म्हणून, किंवा इथेच ठेकेदाराकडे, मिळेल त्या पगारावर. महापालिकेत कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते.

इथे आपल्याच घरातला एक मुद्दा सांगितला पाहिजे. आपल्या अभ्यासिकांमध्ये तलाठी, पोलीस भरती आणि एमपीएससीची पुस्तके भरपूर दिसतात. स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेची तयारी करणारा गट मात्र शोधावा लागतो. २०२३ च्या अखेरीस सोलापूर महापालिकेने सरळसेवेची जाहिरात काढली, त्यात कनिष्ठ अभियंत्यांची पदे होती. अशी जाहिरात आली की हातात जेमतेम तीन आठवडे मिळतात. परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएसची, शुल्क राखीव प्रवर्गालाही सर्वसाधारणपणे ९०० रुपये. तीन ठिकाणी अर्ज करायचा तर रोजंदारीवरच्या घराला ते परवडत नाही. विहारांच्या वर्गणीतून अशा दहा-वीस मुलांचे शुल्क भरणे फार अवघड नाही. एका जयंतीच्या डिजिटल फलकांचा खर्च पुरेल.

निवड झाली तरी कागद अडवतात. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. सोलापुरात ही अडचण जास्त आहे, कारण अनेक कुटुंबे गिरण्यांमुळे शेजारच्या कलबुर्गी, विजयपूर भागांतून आली. त्या तारखेआधी महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा कागद नसेल तर इथले आरक्षण मिळत नाही. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या, पण दाखल्यात धर्मांतरापूर्वीच्या जातीचा उल्लेख नीट नसला तर तिथेही फेऱ्या मारायला लागतात. जाहिरातीची वाट न पाहता हे काम दहावी-बारावीतच सुरू करावे.

मागायचे काय आणि कसे

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात सभागृहात 'किती पदे रिकामी' असे विचारायला कोणी निवडून आलेले नव्हते. पण हा प्रश्न विचारायला नगरसेवकच असावे लागते असे नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.

अर्ज करताना एक चूक नेहमी होते. उत्साहात एकाच अर्जात पंधरा प्रश्न टाकले जातात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून तीन वेगळे अर्ज करावेत, तीन वेगळ्या कार्यकर्त्यांच्या नावाने. पहिल्यात अभियांत्रिकी विभागांतील प्रत्येक संवर्गाची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, झोननिहाय. दुसऱ्यात त्याच संवर्गांच्या बिंदुनामावली नोंदवहीची, मागासवर्ग कक्षाच्या तपासणीच्या शेऱ्यासह, प्रमाणित प्रत. हा अर्ज सगळ्यांत महत्त्वाचा, कारण अनुशेष याच कागदात दिसतो. तिसऱ्यात गेल्या तीन वर्षांत मनुष्यबळ पुरवठा आणि प्रकल्प सल्लागार यांवर झालेला खर्च, एजन्सीनिहाय. 'माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये, कागदाचे नाव लिहून प्रत मागावी.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. उत्तर हाती आल्यावर तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. रिक्त पदांच्या यादीतला संवर्ग आणि एजन्सीला दिलेले काम एकच निघाले, तर त्या पदांची जाहिरात काढण्याची मागणी लेखी, संवर्गाचे नाव आणि बिंदू क्रमांक घालून आयुक्तांकडे द्यावी. प्रत पुण्याच्या मागासवर्ग कक्षाला आणि राज्य अनुसूचित जाती आयोगाला पाठवावी. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.

वस्तीतले काम चालू असताना करण्यासारखेही थोडे आहे. कार्यादेश आणि अंदाजपत्रकाची प्रत आधीच मिळवून ठेवावी. पदविका झालेला एखादा मुलगा सोबत घ्यावा आणि खड्डा बुजण्याआधी मोजटेप लावून फोटो काढावेत. दोषदायित्वाची मुदत कधी संपते ती तारीख विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावी. रस्ता त्याआधी उखडला तर निवेदनात तेवढीच तारीख आणि कार्यादेशाचा क्रमांक पुरे.